‘अशक्त’ ते ‘जाड’: जाहिरातीतली बाई आणि आपल्या ताटातली भाकरी

मागच्या महिन्यात आमच्या विभागात एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी लघुप्रबंधाचे विषय मांडले. त्यातल्या तीन मुलींचा विषय जवळपास एकच होता: जाहिरातींचा महिलांच्या शरीरप्रतिमेवर आणि आहाराच्या सवयींवर होणारा परिणाम. तिघींची प्रश्नावली तयार, गूगल फॉर्म तयार, नगर शहरातल्या कॉलेजांमधल्या शंभरेक मुलीही हेरून ठेवलेल्या. खरं सांगायचं तर निष्कर्षसुद्धा तयारच होता. जाहिराती वाईट, मुली त्यांना भुलतात, म्हणून नीट जेवत नाहीत.

मी हसले नाही, कारण पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. ती चूक आधी सांगते, म्हणजे हा लेख इतिहासाकडे का वळतोय ते तुमच्या लक्षात येईल.

माझ्या चाचणी प्रश्नावलीत एक साधा प्रश्न होता: गेल्या आठवड्यात तुम्ही किती वेळा जेवण टाळलं? एकाच वसतिगृहातल्या, एकाच खोलीतल्या तीन मुलींनी ती भरली. पहिलीनं लिहिलं दोनदा. दुसरीनं लिहिलं सहा वेळा. तिसरीनं लिहिलं एकदाही नाही. मी पहिल्या दोघींना ‘जोखीम’ या रकान्यात टाकलं आणि तिसरीला ‘निरोगी’ या रकान्यात.

नंतर चहा पिताना गप्पा झाल्या. पहिलीचे सोमवार आणि गुरुवार असतात, म्हणजे उपास. दुसरी पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावातली, पैसे वाचवायला तिनं मेसचं एकच वेळचं जेवण लावलेलं. आणि तिसरीला स्थळं बघणं चालू होतं. फोटो काढायचा होता, म्हणून ती दोन आठवडे सकाळी लिंबूपाणी आणि रात्री काकडी-टोमॅटो यावर होती. पण तिच्या हिशेबी ते जेवण ‘टाळणं’ नव्हतंच. ते ‘डाएट’ होतं. म्हणजे जिला शोधायला मी निघाले होते, नेमकी तीच माझ्या तक्त्यात निरोगी ठरली होती.

तेव्हा माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एकच वाक्य सांगितलं: आधी ‘बारीक’ या शब्दाचा इतिहास बघ, मग बारीक व्हायला निघालेल्या मुलींना प्रश्न विचार. विज्ञान शाखेच्या माणसाला हे जरा विचित्र वाटतं. आपल्याला मोजायची घाई असते. पण मी वाचायला लागले, आणि जे सापडलं ते इथे थोडक्यात मांडते.

पहिली ‘मॉडेल’ बाई नव्हतीच

मराठी मुलखात ज्या स्त्रीप्रतिमेनं वस्तू विकल्या आणि जिचं बायकांनी मनापासून अनुकरण केलं, अशी पहिली मोठी प्रतिमा कुणाची? उत्तर ऐकून मी थबकले. ती बालगंधर्वांची.

नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. १९०५ च्या सुमारास ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. ‘मानापमान’मधली भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधली सिंधू ही त्यांची गाजलेली स्त्रीरूपं. त्यांची लुगडं नेसण्याची ढब, नथ, केसात माळलेली फुलं यांची नक्कल चांगल्या घरच्या बायका करायच्या. स्त्रीवेशातली त्यांची छबी साबण, पावडर, औषधी टॉनिक अशा वस्तूंवर झळकायची.

आता संशोधक म्हणून यात काय बघायचं? दोन गोष्टी.

एक, ज्या शरीराकडे बघून हजारो बायका ‘असं दिसावं’ म्हणत होत्या, ते शरीर कुठल्याच बाईचं नव्हतं. आज आपण फोटोशॉप आणि फिल्टरला नावं ठेवतो, ‘ही खरी बाईच नाही’ म्हणतो. शंभर वर्षांपूर्वीही ती खरी बाई नव्हती. आदर्श प्रतिमेला खऱ्या शरीराचा आधार लागतोच असं नाही, हे इथे स्वच्छ दिसतं.

दुसरी गोष्ट माझ्या विषयाच्या जास्त जवळची. पुढच्या काळात बालगंधर्व चांगलेच स्थूल झाले होते, तरी तरुण नायिकेच्या भूमिकेत प्रेक्षक त्यांना डोक्यावर घेत. अनुकरण होत होतं ते नेसण्याचं, दागिन्यांचं, चालण्याबोलण्यातल्या अदबीचं. त्यासाठी कुणाला भाकरी कमी करावी लागत नव्हती. प्रतिमा होती, तिची भूल होती, पण ती ताटापर्यंत पोचत नव्हती. मग ती ताटापर्यंत कधी आणि कशी पोचली? हा खरा संशोधनाचा प्रश्न.

तेव्हा विकला जायचा अशक्तपणा

जुन्या मराठी वर्तमानपत्रांच्या आणि मासिकांच्या जाहिराती चाळल्या की एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो: अशक्तपणा. आसवं, अरिष्टं, शक्तीच्या गोळ्या, टॉनिकं. रक्त वाढेल, अंगावर मांस चढेल, चेहरा भरेल. इतिहासकार डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातल्या, मुख्यतः दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या, जाहिरातींवर सविस्तर काम केलंय. २०२२ मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. बायकांसाठीच्या ‘फेलुना’ गोळ्या, हॉर्लिक्स, ओव्हल्टीन, लक्स, डालडा अशा मालाच्या जाहिराती मध्यमवर्गीय नवरा-बायकोच्या संसाराशी कशा बोलत होत्या, हे त्यात वाचायला मिळतं.

यातलं हॉर्लिक्सचं उदाहरण लक्षात ठेवा. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये त्यांच्या जाहिरातवाल्यांनी ‘रात्रीची उपासमार’ नावाचं एक दुखणंच घडवलं. माणूस झोपेत उपाशी राहतो म्हणून सकाळी थकलेला उठतो, तेव्हा झोपताना हॉर्लिक्स घ्या! वैद्यकशास्त्रात असं दुखणं नव्हतं. ते आधी जाहिरातीत आलं, मग लोकांच्या अंगात.

इथे मला माझ्या विषयाचं सूत्र सापडलं. जाहिरात वस्तू विकण्याआधी एक उणीव विकते. तुमच्यात काहीतरी कमी आहे, हे आधी पटवून द्यायचं आणि मग डबी पुढे करायची. त्या काळी उणीवेचं नाव होतं अशक्तपणा. म्हणजे जाहिरात बाईला सांगत होती की तू फार बारीक आहेस.

आणि ते लोकांना पटायचं, कारण आपल्या भाषेतही बारीक होणं हे काळजीचं लक्षण होतं. ‘रोड झालीस गं’, ‘पार वाळलीस’, ‘सासरी खायला देत नाहीत काय?’ हे शब्द आठवून बघा. भरल्या अंगाची ती ‘खात्यापित्या घरची’. अर्थात इथे एक सावधगिरी बाळगा. ‘शेलाटी’, ‘सडपातळ’ हे कौतुकाचे शब्दही आपल्याकडे आधीपासून आहेत. तेव्हा ‘पूर्वी जाडच आवडायचं, आता बारीकच आवडतं’ असं सरळसोट वाक्य प्रबंधात लिहाल तर परीक्षक तिथेच अडवतील. बदलली ती एकटी आवड नाही. कशाला ‘दोष’ म्हणायचं, ते बदललं.

आपल्या जिल्ह्यात तर या शब्दांना दुष्काळाचा संदर्भ आहे. १९७२ च्या दुष्काळाबद्दल माझी आजी बोलते तेव्हा खडी फोडायचं काम, मिलो आणि सुकडी हे तीन विषय हमखास निघतात. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुतेक वेळा शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. तिथला प्रश्न होता पोरांना आणि बाळंतिणींना पुरेसं अन्न मिळण्याचा. ‘वजन वाढलं’ ही तिथे आनंदाची बातमी होती. आजीच्या कानाला ‘वजन कमी केलं’ हे वाक्य शाबासकीसारखं वाटत नाही, याचं कारण हे आहे.

मग गोरेपणा, मग बारीकपणा

दुसरी उणीव त्वचेची. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये ‘अफगाण स्नो’ बाजारात आणलं. लक्स साबणाच्या जाहिरातीत सुरुवातीला हॉलिवूडच्या नट्या असायच्या. १९४१ मध्ये तिथे पहिल्यांदा भारतीय नटी आली, आणि ती मराठी होती: लीला चिटणीस. धारवाडला जन्मलेल्या, पदवीधर, बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ या चित्रपटांत अशोककुमारसोबत गाजलेल्या. आता पुढचा हिशेब बघा. १९४८ च्या ‘शहीद’मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई झाल्या होत्या. लक्सच्या जाहिरातीनंतर अवघ्या सात वर्षांत! प्रतिमा विकणारा धंदा त्या प्रतिमेतल्या बाईलाही किती दिवस ठेवून घेतो, याचं हे उदाहरण.

१९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ आली. १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. पुढची पंचेचाळीस वर्षं हे क्रीम त्याच नावानं विकलं गेलं. काळ्यासावळ्या रंगाला कमीपणा देणारं चित्रण जाहिरातीत करू नये, असे नियम जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेनं २०१४ मध्ये केले. २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला. नाव बदललं, पण लावण्याची वस्तू तीच राहिली.

तरीही गोरेपणाची उणीव त्वचेवरच राहत होती. क्रीम लावा, साबण लावा. ताट सुरक्षित होतं. १९९१ नंतर केबल आली, १९९४ मध्ये सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय एकाच वर्षी जगज्जेत्या झाल्या, आणि तिसरी उणीव ठळक झाली: जाडी. या उणीवेचं वेगळेपण काय? ती वरून काही लावून भरून निघत नाही. त्यासाठी खाणं बदलावं लागतं. लवकरच खाण्याच्याच वस्तू ही उणीव विकायला लागल्या. केलॉग्जच्या ‘स्पेशल के’च्या जाहिरातीत आधी लारा दत्ता, नंतर दीपिका पदुकोण होती. त्या मालाचा जगभरचा प्रचारच ‘दोन आठवड्यांचं आव्हान’ असा होता. हॉर्लिक्स म्हणत होतं, झोपताना आणखी एक पेला घे. आता खाण्याची वस्तूच सांगत होती, नेहमीचं जेवण बाजूला ठेव.

माझ्या वसतिगृहातल्या तिसऱ्या मुलीचे ‘दोन आठवडे’ आठवले का? तिनं ती जाहिरात बघितली होती की नाही, मला ठाऊक नाही. आणि नेमकं इथेच आपण थांबायचं.

पण पुरावा कुठाय?

आत्तापर्यंत मी जे सांगितलं त्यातून एवढंच सिद्ध होतं की प्रतिमा बदलली. प्रतिमेमुळे वागणं बदललं, हे अजून सिद्ध झालेलं नाही. दोन गोष्टी एका काळात घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नव्हे. त्याच काळात गावात शाळा आल्या, रेशन आलं, लग्नाचं वय वाढलं, मोबाइल आला. मग परिणाम कशाचा?

या कोड्यावर जगभरात जी कामं झाली, त्यातली तीन तरी तुम्हाला माहीत हवीत.

पहिलं फिजीचं. अॅन बेकर या मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ बाईंनी नाद्रोगा भागातल्या शाळकरी मुलींची पाहणी १९९५ मध्ये केली, तिथे टीव्ही नुकताच येत होता. मग तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, पुन्हा. फिजीतही आपल्यासारखंच: धष्टपुष्ट शरीर चांगलं, बारीक होणं काळजीचं. खाण्याबद्दलच्या वृत्ती मोजणाऱ्या ‘ईएटी-२६’ या चाचणीत धोक्याच्या रेषेवर असणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजनासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या १९९५ मध्ये एकही नव्हत्या, १९९८ मध्ये ११.३ टक्के निघाल्या. आकडे धक्कादायक आहेत. पण बारकाईनं बघा. पहिल्या वेळी ६३ मुली, दुसऱ्या वेळी ६५, आणि त्या वेगवेगळ्या मुली. तुलनेसाठी टीव्ही न आलेलं गाव नाही. म्हणून हा अभ्यास महत्त्वाचा असला तरी शेवटचा शब्द नाही.

दुसरं काम अमेरिकेतलं, २००१ चं. एरिक स्टाइस आणि सहकाऱ्यांनी २१९ किशोरवयीन मुलींपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून एका फॅशन मासिकाची पंधरा महिन्यांची वर्गणी फुकट दिली, बाकीच्यांना नाही. सगळ्या मुलींचा मिळून मोठा फरक दिसला नाही. ज्या मुली आधीच दडपणाखाली होत्या, ज्यांना घरादाराचा, मैत्रिणींचा आधार कमी होता, त्यांच्यावर मात्र परिणाम दिसला. म्हणजे ‘जाहिरातीचा परिणाम होतो का?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. ‘कुणावर होतो आणि कोणत्या परिस्थितीत?’ हा पुरा प्रश्न.

तिसरं काम आपल्यासाठी सगळ्यात जवळचं. १९८९ मध्ये किंग आणि भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या ५८० शाळकरी मुलींना तीच चाचणी हिंदीत करून दिली. धोक्याच्या रेषेवर किती मुली निघाल्या? २९ टक्के! पण काही ठरावीक प्रश्नांनाच होकार जास्त येत होते. मुलींनी त्या प्रश्नांचा अर्थ आपल्या चालीरीतींप्रमाणे घेतला होता. खाण्यावर ताबा ठेवणं हा जिथे सद्गुण मानला जातो, तिथे ‘मी खाण्यावर ताबा ठेवते’ याला कोण नाही म्हणेल? हा लेख वाचला त्या रात्री मला माझी सोमवार-गुरुवारवाली मुलगी आठवली. माझी चूक माझ्याआधी कुणीतरी ओळखून ठेवली होती. मी फक्त वाचलं नव्हतं.

आपल्याकडे काय विचारायचं

तर आता तुमच्या प्रश्नावलीकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात एखादी मुलगी कमी जेवते, याची निदान चार कारणं असू शकतात. घरात नाही म्हणून. घरात आहे, पण सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं म्हणून. उपास म्हणून. आणि बारीक व्हायचं म्हणून. चौघींचं वजन काट्यावर सारखंच दिसेल. त्यांना एकाच रकान्यात टाकलं की अभ्यास तिथेच संपला.

शिवाय ही कारणं एकमेकांत मिसळतात. आपल्या स्वयंपाकघरातलं ‘कालनिर्णय’ बघा, १९७३ पासून घरोघरी आहे. पुढच्या बाजूला चतुर्थी-एकादशी, मागच्या बाजूला पाककृती, आरोग्याचे लेख आणि जाहिराती. उपास, खाणं आणि बाजार हे एकाच कागदावर! मला एकीनं सरळ सांगितलं, ‘ताई, डाएट करते म्हटलं की आई ओरडते. चतुर्थी धरली म्हटलं की काही बोलत नाही.’ ही मुलगी कुठल्या रकान्यात? मला अजून नेमकं उत्तर सापडलेलं नाही, पण आता मी निदान दोन प्रश्न विचारते: काय खाल्लं नाही, आणि घरी काय कारण सांगितलं.

याच विषयावर काम करायचं असेल तर मी तीन गोष्टी सुचवेन.

जिल्हा वाचनालयात किंवा जुन्या कॉलेजांच्या ग्रंथालयात ‘स्त्री’, ‘किर्लोस्कर’ अशा मासिकांचे बांधीव अंक मिळतात का बघा. ‘स्त्री’ १९३० पासूनचं आहे. दर पाच वर्षांचा एक अंक घ्या आणि प्रत्येक जाहिरातीपुढे एकच नोंद करा: ही कुठली उणीव विकतेय? अशक्तपणा, रंग, जाडी, की आणखी काही?

‘वधू पाहिजे’च्या जाहिराती विसरू नका. त्याही जाहिरातीच आहेत, आणि बहुतेक मुलींच्या आयुष्यावर त्यांचा जोर क्रीमच्या जाहिरातीपेक्षा जास्त असतो. ‘सडपातळ’ हा शब्द कुठल्या साली किती वेळा येतो, हे मोजायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही.

आणि एकाच घरातल्या आजी, आई, मुलगी अशा तिघींना एकच फोटो दाखवून विचारा, ही मुलगी कशी वाटते? आकडे गोळा करण्याआधी शब्द गोळा करा. प्रश्नावली त्या शब्दांत लिहा.

हे सगळं कशासाठी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. कॉलेजात शिबिर होतं, हिमोग्लोबिन तपासतात, लोहाच्या गोळ्या देतात, संपलं. रक्त कमी असलेल्या मुलीला घरी अन्न कमी पडतं, की ती स्वतःच भाकरी बाजूला सारतेय, हे कुणी विचारत नाही. दोघींना गोळी सारखीच मिळते, पण दोघींची गरज सारखी नाही. तो फरक ओळखणारा प्रश्न तयार करणं हे आपलं काम आहे, आणि तो चुकीचा तयार केला तर काय होतं ते मी वर सांगितलंच.

त्या तीन एम.एस्सी.च्या मुलींपैकी एकीनं गेल्या आठवड्यात गूगल फॉर्म बंद करून ठेवलाय. ती सध्या आपल्या आजीशी बोलतेय. पहिल्याच दिवशी आजीनं तिला विचारलं, ‘बारीक व्हायला पैसे कशाला लागतात गं?’ तिनं ते वाक्य तारखेसह वहीत लिहून घेतलं. माझ्या मते तिचा प्रबंध तिथून सुरू झाला.